दंतमुळांचे शुद्धिकर्म

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चालकांनी यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक व्याख्यानाचा मान मला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली होती. दात घासण्याची रीत, मुलांचे दुधाचे दात असे सोपे विषय हाताशी असताना, दाताच्या मुळातील नळ्या निर्जंतुक कशा करतात हा काहीसा रूक्ष भासणारा विषय मी का घेतला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण साधे आहे. ज्याला आपण सारे ‘रूट कॅनॉल’ म्हणून ओळखतो, तो उपचार आज आपल्या घराघरांत कोणी ना कोणी करून घेतलेला असतो. माझ्या खुर्चीवर बसणारा मनुष्य दोन प्रश्न हमखास विचारतो : दुखेल का, आणि खर्च किती येईल? ‘आतली घाण पुरती निघाली का?’ हा तिसरा प्रश्न मात्र इतक्या वर्षांत फारच थोड्यांनी विचारला. वस्तुतः त्या उपचाराचे सारे यशापयश या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. आज मी त्याचेच उत्तर देणार आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत आजीची दाढ ठणकू लागली की रिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर तोंडात घेण्याची रीत होती. धुरी घेऊन झाली की परातीतल्या पाण्यात बारीक पांढरे काही तरी तरंगताना दिसे, आणि ‘पाहा, किडे पडले’ असे सांगण्यात येई. आम्ही मुले ते डोळे विस्फारून पाहत असू. पुढे मला कळले की ते किडे नव्हेत, तापून फुटलेल्या बियांचेच ते कण असावेत. तथापि आजीची समजूत अगदीच टाकाऊ होती असे मी म्हणणार नाही. दाताच्या पोटात काही तरी जिवंत शिरले आहे आणि ते बाहेर काढल्याशिवाय आराम नाही, हे तिने बरोबर ओळखले होते. चूक होती ती त्या जिवंत वस्तूच्या आकाराची.

ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या नामावळीत ‘कृमिदंतक’ हे नाव आढळते. युरोपातही दाताच्या किड्यावर शतकानुशतके विश्वास होता. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात ती कल्पना नाकारली. त्याच्याही आधी, १६८३ मध्ये, हॉलंडच्या लेवेनहुक याने आपल्या दातांवरचे किटण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात वळवळणारे अतिसूक्ष्म जीव पाहिले होते. परंतु या जीवांचा दंतरोगाशी असलेला संबंध उलगडण्यास आणखी दोन शतके जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली मुखातील जंतूंवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आपण खातो त्या गोड व पिठूळ अन्नापासून जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो, हे त्यांनी दाखवून दिले. १८९४ मध्ये रोगट दातांच्या गाभ्यातही जंतू असतात, हे त्यांनी नोंदविले.

अखेरचा निर्णायक पुरावा १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड या तिघांच्या प्रयोगाने मिळाला. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक गट नेहमीच्या वातावरणात वाढलेला, तर दुसरा जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविलेला. दोहोंच्या दाढांना भोके पाडून आतला गाभा उघडा केला आणि तसाच सोडला. पहिल्या गटात गाभा सडला, गळवे झाली. दुसऱ्या गटात त्याच जखमेत अन्न शिरत असूनही गाभा जिवंत राहिला, इतकेच नव्हे तर त्यावर नव्या कठीण थराचा पूल बांधला गेला. जखम तीच, अन्न तेच, फरक जंतूंचा. मुळाच्या उपचारात जंतूंचा नायनाट हेच मुख्य कार्य होय, हे या प्रयोगाने निःसंशय ठरले.

आता दाताची रचना थोडक्यात पाहू. बाहेर दंतवल्क, त्याच्या आत दंतिन आणि त्याच्याही आत मऊ मगज. या मगजात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, ते मुळातील नळीवाटे हाडातून वर येतात. कीड मगजापर्यंत पोचली की ठणका सुरू होतो. पुढे मगज मरतो आणि ठणका आपोआप थांबतो. मग मनुष्य म्हणतो, ‘बरे झाले, दाढ शांत झाली.’ दाढ शांत झालेली नसते, ती मेलेली असते. आणि तिच्या आत जंतूंचे राज्य निर्वेध सुरू झालेले असते.

ही स्थिती आपणां वसईकरांना समजावून सांगण्यास मला बावखलाइतका उत्तम दृष्टांत सापडत नाही. आपल्या वाडवडिलांच्या वाड्यांतून बावखले होती. आज पुष्कळ बुजली आहेत, काही उरली आहेत. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे आणि रहाटाने उपसून ते पाटापाटाने केळीच्या व पानवेलीच्या मुळाशी जाई. अशा बावखलात पाला कुजला, गाळ साचला आणि पाण्याला वास मारू लागला, तर नुसती वरून औषधाची पूड टाकून कोणी स्वस्थ बसत नसे. आधी गाळ उपसावा लागे, मग कोपरेकपारे धुवावे लागत, आणि पुन्हा घाण आत येणार नाही अशी व्यवस्था करावी लागे. दाताच्या मुळाचे शुद्धिकर्म नेमके याच तीन पायऱ्यांचे आहे : उपसणे, धुणे आणि बंद करणे.

उपसण्याचे काम आम्ही सुईसारख्या बारीक कानशींनी करतो. पूर्वी त्या पोलादाच्या असत. १९८८ नंतर निकेल व टायटॅनियम यांच्या लवचीक मिश्रधातूच्या कानशी प्रचारात येऊ लागल्या आणि वाकड्या मुळांत शिरणे पुष्कळ सुकर झाले. परंतु कानशीची मर्यादा मोठी आहे. मुळातील नळी ही बांबूच्या पोकळीसारखी सरळ व गोल नसते. झुरिकचे वॉल्टर हेस यांनी १९१७ साली हजारो दातांच्या नळ्यांत रबर भरून त्यांचे साचे काढले, तेव्हा त्यात फाटे, जाळी, चपट्या खाचा आणि टोकाशी फुटलेल्या शाखा असे एक विलक्षण चित्र दिसले. त्याच नगरात २००१ साली सूक्ष्म क्ष-किरण यंत्राने तपासणी झाली, तेव्हा नव्या कानशी वापरूनही नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग कानशीच्या स्पर्शावाचून राहतो असे आढळले. म्हणजे बावखलाचा मध्य उपसला, पण पाट तसेच राहिले. जेथे कानस पोचत नाही तेथे द्रव पोचतो. म्हणून या उपचारात धुण्याचे महत्त्व कानशीपेक्षा तसूभरही कमी नाही.

येथे कोणी विचारील, की एवढा खटाटोप कशाला, जंतुनाशक गोळ्या घेतल्या म्हणजे झाले. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून ठणका भागविण्याची सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे. गोळीतील औषध रक्तातून फिरते. ज्या दाताचा मगज मेला त्या दातात रक्त फिरतच नाही, तर औषध तेथे जाणार कसे? पाट बुजलेल्या वाफ्याला विहिरीत कितीही पाणी असले तरी ते मिळत नाही, तसेच हे. सामान्य दातदुखीसाठी जंतुनाशक गोळ्या देऊ नयेत, दातावरच उपचार करावा, असे मार्गदर्शन अमेरिकन दंतवैद्यक संघटनेनेही २०१९ साली केले आहे. ताप आला, सूज गालावरून गळ्याकडे पसरू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर गोष्ट निराळी. तेथे गोळ्या अवश्य लागतात, आणि त्याहून अवश्य लागते ते तत्काळ रुग्णालयात जाणे. अशा सुजेने जिवावर बेतू शकते, हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही, सावध करण्यासाठी सांगतो.

नळी कशाने धुवावी, यावर शंभर-दीडशे वर्षे मोठा शोध चालला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘नस मारली’ हा शब्दप्रयोग आजही आहे, तो एका जुन्या पद्धतीची आठवण देतो. १८३६ साली स्पूनर या अमेरिकन दंतवैद्याने सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा लेप लावून मगज मारण्याची रीत प्रसिद्ध केली. नस मरे खरी, पण सोमल बाहेर झिरपला तर हिरडी आणि हाडही मरे. विसाव्या शतकाच्या आरंभी बकली यांचे फॉर्मोक्रेसॉल आले. फॉर्माल्डिहाइड व क्रेसॉल यांच्या त्या उग्र मिश्रणाचा वास ज्यांनी एकदा घेतला ते तो विसरले नसतील. जंतू मारण्यात ते प्रबळ. परंतु निरोगी पेशींनाही ते तितकेच मारक. शिवाय फॉर्माल्डिहाइड हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. पेनिसिलिनचे युग आले तेव्हा १९५१ च्या सुमारास तीही औषधे लेपरूपाने नळीत घालून पाहण्यात आली. पण काहींना त्यांचे वावडे निघते आणि जंतूही त्यांना पुरून उरतात, असा अनुभव आला. या साऱ्यातून एक धडा मिळाला : जंतू मारील पण माणसाच्या जिवंत पेशींना शक्य तितके कमी दुखवील, असेच द्रव्य हवे.

ते द्रव्य महायुद्धाच्या रणांगणावर गवसले. १९१५ साली फ्रान्समध्ये जखमी सैनिकांचे हातपाय सडून कापावे लागत होते. तेव्हा हेन्री डेकिन या इंग्रज रसायनज्ञाने आणि अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यवैद्याने सोडियम हायपोक्लोराइटचे अर्धा टक्क्याचे सौम्य द्रावण तयार करून जखमा सतत धुण्याची पद्धत बसविली. ती पुढे दंतवैद्यांनी उचलली. फिलाडेल्फियाचे लुई ग्रॉसमन यांनी १९४१ साली आपल्या सहकाऱ्यासह निरनिराळी द्रव्ये पारखून दाखविले की, मेलेला मगज विरघळविण्यात क्लोरीनयुक्त सोड्याचे हे द्रावण सर्वांत सरस आहे. याच ग्रॉसमन यांच्या १९४० मधील पाठ्यपुस्तकाची सुधारलेली आवृत्ती आपल्याकडचे दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

हे द्रव्य आपणांस परके नाही. पावसाळ्यात विहिरींत जी क्लोरीनची पूड टाकतात, ती याच कुळातली. तिचा तो परिचित वास आमच्या दवाखान्यातही येतो, आणि कोणी रुग्ण नाक मुरडून ‘विहिरीच्या पाण्यासारखे लागते’ म्हणाला, की त्याचे निदान बिनचूक असते. या द्रावणाचे दोन गुण आहेत. ते जंतू मारते, आणि मृत मांस विरघळवते. म्हणून कानस न पोचलेल्या कपारींतही ते स्वच्छता करते. अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या तीव्रतेने ते वापरले जाते. मात्र ते पुन्हा पुन्हा, ताजे, भरपूर आणि पुरेसा वेळ वापरावे लागते. कारण जंतूंशी व मांसाशी लढताना त्याची शक्ती खर्च होत जाते.

त्याचा दोषही सांगितला पाहिजे. मुळाच्या टोकापलीकडे ते जोराने ढकलले गेले तर तीव्र वेदना होतात आणि गाल पाहता पाहता सुजतो. यासाठी टोकाशी बंद व बाजूला छिद्र असलेली सुई वापरतात आणि दट्ट्या हलक्या हाताने दाबतात. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवितात, तो औषध घशात जाऊ नये म्हणून, आणि लाळेतील जंतू धुतलेल्या नळीत पुन्हा शिरू नयेत म्हणूनही. हा पडदा १८६४ साली अमेरिकेतील सॅनफर्ड बार्नम यांनी प्रथम वापरला. तो लावला की काहींना गुदमरल्यासारखे वाटते. परंतु नाकाने श्वास घेता येतो, हे ध्यानात ठेवले की दोन मिनिटांत सवय होते.

कानस चालविताना नळीच्या भिंतीवर भुशाचा चिकट थर बसतो. तो काढण्यासाठी नॉर्वेच्या नीगार-ओस्तबी यांनी १९५७ साली ई.डी.टी.ए. नावाचे, कॅल्शियम ओढून घेणारे द्रव्य या कामी आणले. क्लोरहेक्सिडीन हे आणखी एक चांगले जंतुनाशक होय. पण ते मृत मांस विरघळवीत नाही, आणि हायपोक्लोराइटशी त्याचा संयोग झाल्यास तपकिरी साका बसतो, म्हणून मध्ये नळी धुवून घ्यावी लागते. अलीकडे हे द्रव कंपनयंत्राने घुसळतात, म्हणजे ते फाट्याफाट्यांत जोराने शिरतात. काही ठिकाणी लेसर किरणांचाही उपयोग करतात. साधने नवी आहेत. तत्त्व जुनेच आहे, की द्रवाने भिंतीला स्पर्श केलाच पाहिजे.

आणि आता एक आश्चर्य सांगतो. धुऊन झालेल्या नळीत दोन बैठकींच्या मध्ये जे औषध भरून ठेवतात, ते कोणते? आपल्या पानाला लावतात तो चुना! शास्त्रीय भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. वसईच्या पानवेलींनी ज्याची साथ पिढ्यान्‌पिढ्या केली, तोच हा सोबती. जर्मनीच्या हेर्मान यांनी १९२० साली तो दंतचिकित्सेत आणला. चुन्याच्या तीव्र क्षारतेत बहुतेक जंतू तगत नाहीत. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात १९८० च्या दशकात ब्यूस्ट्रोम व सुंडक्विस्ट यांनी पायरीपायरीने मोजून पाहिले : नुसत्या कानशीने व मिठाच्या पाण्याने जंतू घटतात, पण पुष्कळ नळ्यांत ते उरतात, हायपोक्लोराइट वापरल्यास अधिक नळ्या जंतुमुक्त होतात, आणि चुन्याचे औषध ठेवल्यावर उरलेसुरलेही बहुतेक जातात. १९९१ मध्ये तेथेच दिसून आले की हे औषध सात दिवस राहिले पाहिजे. दहा मिनिटांनी काम भागत नाही. एंटरोकोकससारखे काही चिवट जंतू मात्र चुन्यालाही दाद देत नाहीत, म्हणून नुसत्या चुन्यावर विसंबून धुण्यात कुचराई करता येत नाही.

भगिनींना येथे एक विनंती. दातात लवंगेचे तेल, पानाचा चुना किंवा घरातले फरशी धुण्याचे औषध आपल्या हाताने कधीही घालू नका. लवंग क्षणभर ठणका शमवील. चुना व क्लोरीन मात्र तोंड पोळतील. औषध तेच असले तरी त्याचे प्रमाण, शुद्धता आणि जागा यांवर ते औषध की विष हे ठरते.

पुष्कळ जण विचारतात, एका बैठकीत होते की दोन लागतात? दोन्ही रीतींची तुलना आजवर पुष्कळ झाली असून दात बरे होण्याच्या प्रमाणात मोठा फरक आढळलेला नाही. तेव्हा एका बैठकीत केलेला उपचार चुकीचा असे समजू नका. चुकीची असते ती घाई. आणि त्याहून चुकीचे असते ते पहिल्या बैठकीनंतर ठणका थांबला म्हणून परत न येणे. लग्नसराई येते, केळीचे घड उतरवायचे असतात, सकाळची गाडी चुकवता येत नाही, आणि वरचे तात्पुरते भरण सहा महिने तसेच राहते. ते झिजते, लाळ आत झिरपते, आणि उपसून धुतलेले बावखल पुन्हा गढूळ होते.

घाईविषयी बोलताना मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. ती लपवून हे व्याख्यान देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात आमच्या गावच्या शाळेतील एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. मी त्यांच्याच हाताखाली मुळाक्षरे गिरविलेली. त्यांची वरची दाढ वाचवायची होती. रबराचा पडदा लावताच ते अस्वस्थ झाले, म्हणून मी तो काढून टाकला. त्यांना मुंबईस जाणारी गाडी गाठायची होती, म्हणून मीही हात उचलला. तीन नळ्या सापडल्या, त्या स्वच्छ केल्या, भरल्या आणि वर टोपी बसविली. क्ष-किरणचित्र पाहून मी मनात खूष झालो. गुरुजींनी आशीर्वाद दिला आणि निवृत्तिवेतनातून माझे शुल्क मोजून दिले.

दोन वर्षांनी ते परत आले, ते गाल धरून. दाढेच्या मुळाशी गळू झाले होते. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा चौथी नळी असते. ती अरुंद आणि आडोशाला असते. मी ती शोधलीच नव्हती. टोपी कापून, भिंगाखाली पाहून मी ती या वेळी शोधून काढली, तेव्हा तिच्यातून आलेल्या दुर्गंधीने माझी मान खाली गेली. या वेळी पडदा लावला, निवांतपणे धुतले, चुन्याचे औषध दोन आठवडे ठेवले आणि मगच नळ्या बंद केल्या. वर्षाने हाड भरून आलेले चित्रात दिसले. गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘अरे, हे पहिल्याच वेळी का नाही केलेस?’ शाळेत असताना चुकलेले गणित पुन्हा घालताना ते याच स्वरात विचारीत. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसे, त्या दिवशीही नव्हते. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात कोणाच्याही गाडीच्या वेळेवर दाताचे काम बेतलेले नाही.

समारोप करतो. नळ्या बंद केल्यावर वरचे पक्के भरण व टोपी यांना विलंब लावू नये. कारण झाकण नसलेले स्वच्छ पाणी स्वच्छ राहत नाही. हाड भरून येण्यास महिने, कधी वर्षेही लागतात, म्हणून दुखत नसले तरी वर्षाने चित्र काढून घ्यावे. मुलांच्या हातात आपली सुकेळी अवश्य द्या, तो आपल्या वसईचा मेवा आहे. पण चिकट गोड दातांत राहू देऊ नका. घरातील वडील मंडळी मिश्रीने दात घासत असतील तर त्यांना समजावून सांगा; तिने दाताचे रक्षण होत नाही, उलट तंबाखूने तोंडाचा घात होतो.

आणि दंतवैद्याच्या खुर्चीवर बसाल तेव्हा संकोच न करता तिसरा प्रश्न विचारा : सर्व नळ्या सापडल्या का? कशाने धुतल्या? पडदा का लावला नाही? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही. मला ते वेळीच कोणी विचारले असते, तर गुरुजींना दोन वर्षांनी गाल धरून यावे लागले नसते.